बैलाखालचे आप्पा

आमच्या आप्पांना कुणी 'पहिलवान' म्हणून हाक मारली, की माझी आई, अव्वा, तोंडाला पदर लावून हसायची. खरं सांगते, हसण्यासारखंच होतं ते. बेंबळीत आमचं किराणा दुकान. आप्पा दिवसभर गुळाची ढेप फोडणार, मीठ-मिरची तोलणार आणि दुपारी शेंगदाण्याच्या पोत्याला टेकून डुलकी काढणार. तरणे होते तेव्हा कुस्त्या खेळले, मी नाही म्हणत नाही. ढाक हा डाव मारण्यात त्यांचा हात बसला होता, दोनचार जत्रांत फेटे बांधून घरी आले, आणि एका कुस्तीत उजवा कान असा मोडून घेतला की तो पुढं जन्मभर कांद्याच्या भज्यासारखा वाकडातिकडाच राहिला. पण त्यांच्यापेक्षा चांगले पहिलवान एकट्या बेंबळीत पाचसहा तरी निघाले असते. आणि तरीसुद्धा उस्मानाबाद जिल्ह्यात ज्या एका चित्रासाठी चांगली जाणती माणसं जीव टाकत होती, ते चित्र ह्या आमच्या आप्पांचं होतं. कसं ते सांगते. मधे बोलू नका, मला तोडलेलं आवडत नाही.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य. बार्शीच्या बाजूला हद्द ओलांडली की इंग्रजी मुलूख, अलीकडं आमची मोगलाई, आणि मधे करोडगिरीचा नाका. तिकडून येणारा माल नाक्यावर जकात भरून यायचा. तसाच बिडीचा एक कट्टा यायचा, 'जोडकणीस छाप'. बिडी कशी होती ते मला विचारू नका, आमच्या घरात कुणी ओढत नव्हतं. पण प्रत्येक कट्ट्यात पत्त्यातल्या पानाएवढं, जाड कागदाचं एक रंगीत चित्र निघायचं. पहिलवानांची चित्रं, एकूण चोवीस. कोपऱ्यात नंबर, खाली पहिलवानाचं नाव आणि गाव.

अगं बाई, काय येड लागलं होतं लोकांना त्या चित्रांचं! कधी बिडीला हात न लावणारी माणसं कट्टे घ्यायला लागली. बिड्या गड्याला द्यायच्या, चित्र टोपीत ठेवायचं. बाजारात म्हशीचा सौदा राहायचा बाजूला आणि दोघं मिशीवाले झाडाखाली बसून "तुझा सातवा दे, माझे दोन अकरावे घे" असं घासाघीस करत असायचे. त्यातही नखरे किती! कोपरा दुमडलेला असला की निम्मी किंमत. तेलाचा डाग पडला, की त्याला कुणी हात लावायचं नाही. रंग ताजा हवा, कड सरळ हवी, पाठ कोरी हवी. मुलगी बघायला जातानासुद्धा आमच्याकडं कुणी एवढं निरखून बघत नव्हतं.

आता आप्पा त्या चोविसात कसे शिरले? तर एका जत्रेत त्या बिडीवाल्यांचा फोटोवाला आला होता. तेवीस पहिलवान त्याच्याकडं जमले होते, चोविसावा लातूरकडून यायचा होता आणि तो तापानं फणफणून घरीच राहिला. फोटोवाल्याची तर परत जायची घाई. आप्पा तिथं कशाला गेले होते म्हणाल, तर शेंगदाणे विकायला. गर्दीतल्या कुणीतरी त्यांना पुढं ढकललं, "ह्याचा काढा की! ह्याचा कान बघा!" फोटोवाल्यानं कान बघितला आणि म्हणाला, "कान तर पक्का पहिलवानाचा आहे." झालं. सदरा काढायला लावला, मांडीवर हात ठेवून उभं केलं.

आम्ही लिंगायत, आमच्यात लिंग जन्मापासून अंगावर असतं, ते कधीच उतरवत नाहीत. कुस्ती खेळताना आप्पा ते कापडात गुंडाळून दंडाला घट्ट बांधायचे. पण त्या दिवशी ते चांदीच्या डबीत, गळ्यात होतं. आप्पा डबी दंडाकडं सरकवायला लागले, तर फोटोवाला म्हणतो, "राहू द्या, राहू द्या, छाती मोकळी दिसते, तेवढंच काहीतरी चमकेल." आप्पांनी राहू दिली. तिथंच सगळं बिनसलं.

चित्र निघालं त्या साली बेंबळीत आप्पांचा नुसता उदोउदो. दुकानात येणारा जाणारा "काय महांतप्पा, चोविसावे!" म्हणायचा. आप्पा वरवर "कशाचं काय" म्हणायचे आणि पागोटं नीट करायचे. अव्वा म्हणायची, "शेंगदाणे विकायला गेले आणि स्वतःच पुडीत बसून आले." पण तिनंही एक चित्र डब्यात जपून ठेवलं होतं, मला माहीत होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी आप्पा दुकान बंद करून घरी येत होते. मी बोट धरून बरोबर. वाटेत चिखलात एक चित्र पडलं होतं. आप्पांनी वाकून उचललं. त्यांचंच होतं. छातीवरच्या चांदीच्या डबीवर कुणाच्या तरी चपलेचा ठसा, आणि वर तंबाखूची पिंक. आप्पा तिथंच उभे राहिले.  एवढंच म्हणाले, "चन्ने, लिंगावर पाय पडला."

घरी न जाता ते तडक गुरुलिंग अय्यांकडं गेले. अय्या म्हणजे आमचे जंगम, आमच्यातले गुरू. मोठा शांत माणूस. त्यांनी चित्र बघितलं, पुसलं आणि म्हणाले, "महांतप्पा, कागद आहे हा. लिंग तुमच्या छातीवर आहे, ते तिथंच आहे. उचललंत, कपाळाला लावलंत, संपलं." दुसरा कुणी असता तर ऐकून घरी जाऊन जेवला असता. पण आमचे आप्पा अय्यांपेक्षा कडक! तिथंच विभूती हातात घेऊन शपथ घेतली, की आयुष्यात पुन्हा फोटोला उभा राहणार नाही, आणि हे चित्र गावोगाव जिथं जिथं असेल तिथून गोळा करून नदीत सोडीन. अय्या "अहो, अहो" म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात नवा कायदा सुरू झाला. जो कुणी चोविसावं चित्र आणून देईल, त्याला गुळाचा खडा. मग काय विचारता! बेंबळीची पोरं, बाया, म्हातारे, सगळे चित्र शोधायला निघाले. आप्पा आठवड्याच्या बाजारांना हिंडायचे, कळंबला गेले तरी तेच, तेरला गेले तरी तेच. बिडीवाल्यांना निरोपावर निरोप धाडले. ते बिचारे भले होते, त्यांनी चित्र छापायचं बंद केलं. पण चोविसावा नंबर रिकामा कसा ठेवणार? म्हणून त्यांनी त्या जागी एक बैल छापला. चांगला पांढरा, उंच वशिंडाचा बैल! गावातली कार्टी आमच्या दारावरून ओरडत जायची, "महांतप्पा गेला, बैल आला!" अव्वा आतून म्हणायची, "फरक काय पडला रे?"

तिची चिडचिड होत होती, आणि का होऊ नये? डब्यात चित्रांचा ढीग वाढत होता आणि गुळाची ढेप आटत होती. "घरात एक सांभाळताना नाकी नऊ आलेत," ती म्हणायची, "आता हे डबाभर नवरे कुठं ठेवू मी?" आणि आप्पांनी एक दिवस तिच्या डब्यातलं तिचं चित्रसुद्धा काढून घेतलं. तेव्हा मात्र ती हसली नाही. दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

शेवटी आप्पांनी बैलगाडी जुंपली आणि आम्ही सगळे तेरला गेलो. तेरणेच्या काठी, देवळाजवळ, आप्पांनी गाठोडं सोडलं, हात जोडले आणि चित्रं पाण्यात सोडली. आता जाड कागद तो, बुडतोय कशाला! पन्नास-साठ आप्पा छाती काढून पाण्यावर तरंगायला लागले. काठावर धुणं धुणाऱ्या बाया उठून बघायला लागल्या. दुसऱ्या कुणी पायानं दाबली असती. पण पाय लावायचा नाही म्हणून तर एवढा खटाटोप! आप्पा छातीभर पाण्यात उतरले आणि एकेक चित्र हातानं धरून, भिजून जड होईस्तोवर पाण्याखाली दाबत बसले. एक निसटलं की त्याच्यामागं पोहत जायचे. मी काठावर बसून हसले तर अव्वानं माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि मग तीच हसायला लागली. ऊन उतरलं तरी आप्पा पाण्यातच. घरी आल्यावर आठवडाभर शिंकत होते.

आप्पांना वाटलं, सुटलो. पण त्यांनी काय करून ठेवलं होतं ते त्यांना कळलंच नाही. तेवीस पहिलवान सगळ्यांकडं आणि बैलही सगळ्यांकडं. खरा चोविसावा मात्र कुणाकडं नाही. मग लोक त्याच्यासाठीच तळमळायला लागले. पुढं दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली, कागद मिळेना, बिडीवाल्यांनी चित्रंच बंद केली आणि त्या चित्राची किंमत आणखी चढली. कळंबचे शरणप्पा आडते, आमच्याच नात्यातले, धान्याचा मोठा व्यापार. त्यांनी चित्रांसाठी शिसवीची पेटी करून घेतली होती. ते उघड सांगायचे, "महांतप्पाचं चित्र आणून द्या, दुभती शेळी देतो." पुढं शेळीची गाय झाली.

आणि चित्र होतं एकच. बेंबळीतच होतं. सिदू न्हाव्याकडं.

सिदूमामा बाजारात लिंबाच्या झाडाखाली बसायचे. लाकडी पेटी, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मधोमध आरसा आणि आरशाभोवती चोवीस चित्रं खळीनं चिकटवलेली. त्यांचं वैभव म्हणजे ते झाकण. हजामतीला बसलेला माणूस गाल फुगवून तेच बघत बसायचा. आप्पा चित्रं गोळा करत हिंडत होते तेव्हा सिदूमामांनाही विचारलं होतं. "माझ्याकडं कुठलं, अण्णा? माझ्याकडं बैल हाय," असं म्हणून त्यांनी झाकण उघडून दाखवलं. चोविसाव्या जागी बैल. आप्पांचं समाधान झालं.

पण तो बैल चिकटवला होता फक्त वरच्या कडेनं. नखानं खालून उचलला की पडद्यासारखा वर व्हायचा, आणि खाली आमचे आप्पा.

हे सगळ्या बेंबळीला ठाऊक होतं. अव्वाला ठाऊक, मला न बघताही ठाऊक, अय्यांनासुद्धा ठाऊक! लांबून आलेला पाहुणा दाढीला बसला, की सिदूमामा इकडंतिकडं बघून हळूच बैल उचलून दाखवायचे. एकट्या आप्पांना माहीत नव्हतं. दर बाजाराला ते त्याच पेटीसमोर मांडी घालून बसायचे, साबण लावून घ्यायचे आणि त्या बैलाकडं टक लावून बघत दाढी करून घ्यायचे. एकदा तर म्हणाले, "बैल मात्र झकास काढलाय." सिदूमामांचा हात कसा हलला नाही, देव जाणे. गावानं वर्षानुवर्षं हे गुपित सांभाळलं, कुणी चुकूनही तोंड उघडलं नाही. आमच्या गावानं दुसरं काही एवढं एकजुटीनं केल्याचं मला आठवत नाही.

मग माझं लग्न ठरलं. आळंदकडच्या घरात. गाडीनं, मग मोटारीनं, मग पुन्हा गाडीनं, असं लांबचं गाव. तिकडं सगळं कानडी. कानडी मला यायचं, अव्वाचं माहेर तिकडचंच. पण येणं वेगळं आणि दिवसभर त्यातच राहणं वेगळं. दागिने झाले, लुगडी झाली, भांडी झाली. मला काहीच गोड लागेना. रात्रंदिवस एकच वाटायचं, तिकडं माझ्या ओळखीचं एक तोंडसुद्धा नसणार. आप्पा तर फोटो काढून देणार नाहीत, शपथ आहे. मग मला ते चित्र पाहिजे होतं. आप्पांचं तोंड पाहिजे होतं, दुसरं काही नको.

मी धीर करून सिदूमामांकडं गेले. बाजाराचा दिवस नव्हता, ते घरी वस्तरा घासत बसले होते. म्हणाले, "चन्नाक्का, दुसरं काय बी माग. वस्तरा माग, पेटी माग. पन ते नगं. चोवीस पुरे हायेत म्हणून तर लोक माझ्याकडं येत्यात. एक काढला तर तेविसाला कोन इचारतंय? शरणप्पा गाय देत होते, म्या न्हाय म्हणलं."

"मी कुठं गाय देतेय, मामा. नुसतं मागतेय."

"तेच तर अवघड हाय," ते म्हणाले आणि खाली बघून वस्तरा घासत राहिले. मी रडत घरी आले. आप्पांकडं हट्ट धरावा तर ती आणखी भीती. त्यांना कळलं की बैलाखाली चित्र आहे, तर ते तसेच उठणार, चित्र घेणार आणि तेरणेचा रस्ता धरणार. म्हणजे मलाही नाही आणि सिदूमामांनाही नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सिदूमामा पेटी घेऊन आमच्या घरी आले. घरातल्या पुरुषमाणसांची हजामत करायची होती. अंगणात पाहुणे बसले होते, कळंबचे शरणप्पाही आले होते. आप्पा पाटावर बसले, अर्ध्या तोंडाची दाढी झाली होती, अर्ध्या तोंडाला साबण. मी ओसरीवर माझ्या ट्रंकेत लुगडी भरत होते, म्हणजे आपटत होते. आप्पांनी मान तशीच वर धरून विचारलं, "चन्ने, समदं भरलं का? काय राहिलं असंल तर सांग, बाजारातनं आणतो. मागनं म्हणू नको, बापानं दिलं न्हाय."

काय झालं मला कुणास ठाऊक. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं आणि मी म्हणाले, "मला बैलाखालचे आप्पा पाहिजेत!"

 सिदूमामांचा वस्तरा आप्पांच्या गळ्यावर थांबला. अव्वा आतून धावत आली आणि माझ्याकडं डोळे वटारून उभी राहिली.

"कंचा बैल?" आप्पा म्हणाले.

सगळ्यांचे डोळे जायचे तिकडं गेलेच, झाकणाकडं. आप्पांनी गळ्यावरचा वस्तरा हातानं बाजूला केला, पुढं वाकले आणि नखानं बैल उचलला.

मी डोळे मिटले. मला वाटलं, आता संपलं, आता गाडी जुंपायला सांगतील. थोड्या वेळानं डोळे उघडले तर आप्पा झाकणावर वाकून तसेच बसलेले. मी जवळ गेले. चित्रात छाती होती, मिशी होती, कान होता, पण चांदीची डबी दिसत नव्हती. तिच्यावर बेलाचं पान लावलेलं होतं, अजून हिरवं.

"हे काय, सिदू?" आप्पांनी विचारलं.

सिदूमामांनी वस्तरा खाली ठेवला. "खोटं कशाला बोलू, अण्णा. चोवीस पुरे करायचे म्हणून ठेवलं. हाव सुटली व्हती. पन उघडं ठेवायला जीव धजंना. हितं केसं उडत्यात, साबनाचं पानी उडतं. म्हणून बेलाचं पान लावलं. सुकलं की बदलतो. आन् शिवरात्रीला पेटी उघडत न्हाय, त्याच्यापुढं दिवा लावतो."

आप्पांनी ते झाकण दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाला लावलं. साबणाचा फेस लागला त्याला. मग आप्पा रडले. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, अर्ध्या दाढीनिशी रडले. म्हणाले, "म्या येडा, पान्यात हात घालून बसलो. आन् तू हितं माझ्या म्होरं बसून रोज पूजा करीत होतास. राहू दे. माझ्यापक्षा तुझ्याकडं जास्त सुखात हाय ते. कुनी काढायचं न्हाय."

बघा आता! मी इतका जीव मुठीत धरला, चित्र वाचलं, नदीत गेलं नाही, पण माझ्या वाट्याला तर काहीच आलं नाही. मी तिथंच मटकन खाली बसले आणि तोंडात पदर कोंबला.

सिदूमामा माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी अव्वाला सांगितलं, "वैनी, ऊन पानी द्या जरा." गरम पाण्यात फडकं भिजवून त्यांनी चोविसाव्या जागेवर ठेवलं. शरणप्पा ओरडले, "अरे, काय करतोस सिदू, रंग जाईल!" सिदूमामांनी ऐकलं नाही. थोड्या वेळानं फडकं उचललं, वस्तरा घेतला, आडवा धरला आणि चित्राच्या कडेखाली सरकवला.  खालची कड सुटली. पाय सुटले, मांडी सुटली, बेलाच्या पानासकट छाती सुटली.  खांदा, मिशी, डोळे सुटले. आणि अगदी शेवटी, वरच्या कोपऱ्याशी, टर्र झालं.

उजवा कान लाकडावरच राहिला.

"गेलं!" शरणप्पांनी कपाळावर हात मारला. "अरे, गाय देत होतो मी ह्याच्यासाठी! आता ह्याला कुत्रं विचारणार नाही."

"बरं झालं," अव्वा म्हणाली. "आता तुमची गाय तुम्हालाच लाभू द्या."

सिदूमामांनी ते ओलं चित्र तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरलं. "घे, चन्नाक्का. कान तेवढा ऱ्हायला बघ माझ्याकडं." मी चित्र घेतलं आणि त्यांच्या पाया पडले. ते "आगं, आगं" म्हणत मागं सरकले. मग अंगणातलं कुणीतरी पहिल्यांदा हसलं, आणि मग सगळेच हसायला लागले. आप्पासुद्धा. राहिलेली अर्धी दाढी करायची सगळे विसरूनच गेले होते.

आळंदला गेल्यावर मी ते चित्र माझ्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलं. माझ्या सासूबाई, मल्लम्मा, बोलायला फटकळ पण मनानं चांगल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हा कोण बिनकानाचा?" मी म्हणाले, "माझे आप्पा." त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी परड्यातून बेलाचं ताजं पान आणून त्यांनीच ठेवलं. मी रोज त्या चित्राशी बोलायची. आज काय स्वैपाक केला, कोण काय बोललं, कशाचं वाईट वाटलं, सगळं सांगायची. माझ्या नवऱ्यानं एकदा चोरून ऐकलं आणि आठवडाभर चेष्टा केली. करू दे, मला काय त्याचं.

पंचमीला पहिल्यांदा माहेरी आले तो बाजाराचा दिवस होता. घरी आप्पा नव्हते. अव्वा म्हणाली, "घरी कुठं सापडायचे, लिंबाखाली असतील." मी तशीच गेले. बघते तर सिदूमामांची पेटी उघडी, तेवीस पहिलवान आणि चोविसावी जागा रिकामी. बैलसुद्धा काढून टाकलेला. नुसतं लाकूड आणि त्याच्यावर कोपऱ्यात एक कान. आणि पेटीच्या शेजारी चवाळ्यावर मांडी घालून आप्पा बसलेले. कुणी बार्शीकडचा माणूस दाढीला बसला होता. त्यानं विचारलं, "का हो, चोविसावा कुठाय?" सिदूमामांनी वस्तऱ्यानंच दाखवलं, "हा काय बसलाय. कान ताडून बघा." त्या माणसानं खरंच झाकणावरचा कान बघितला, मग आप्पांचा कान बघितला आणि हात जोडले.

आप्पांनी मला बघितलं. पटकन उठले नाहीत, तसले ते नव्हतेच. चवाळ्यावर थोडं सरकून मला जागा करून दिली. मी बसले. विचारलं, "दुकान सोडून इथं काय करताय आप्पा?"

"दर बाजाराला बसतो," ते म्हणाले. "सिदूचे चोवीस पुरे नकोत का व्हायला?"

मग मी सांगायला लागले. सासूबाई कशा, घर कसं, विहीर किती लांब, आणि रोज चित्राशी किती बोलते ते. आप्पा गुडघ्याला हात घालून ऐकत होते. माझं सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी आपला तो मोडका कान चोळला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिकडं त्याच्याशी बोलत नको जाऊ चन्ने. त्याला ऐकू येत न्हाय, त्याचा कान हितं ऱ्हायलाय. काय सांगायचं असंल तर येत जा."

मी नंतर किती वर्षं आले गेले, त्याची गणती नाही. जेव्हा आले तेव्हा आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.